चार्ल्स वेस्ट यांची सही

1990 च्या फेब्रुवारीत बॉस्टनशेजारच्या केंब्रिजमध्ये मोठी पंचाईत झाली. एमआयटीचे, म्हणजे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे, नवे अध्यक्ष म्हणून फिलिप शार्प या जीवशास्त्रज्ञाचं नाव ठरलं, जाहीर झालं, आणि काही दिवसांतच शार्प यांनी नकार कळवला. प्रयोगशाळा सोडवेना म्हणाले. तीन वर्षांनी त्यांना नोबेल मिळालं, तेव्हा त्यांचं चुकलं असं कोणी म्हणणार नाही. पण संस्थेची अवस्था मांडव पडल्यावर नवरदेवाने पाठ फिरवावी तशी झाली. (पुणेकरांसाठी खुलासा: ही एमआयटी कोथरूडची नव्हे.)

मग शोधाशोध होऊन जे नाव आलं ते मिशिगन विद्यापीठातल्या एका मेकॅनिकल इंजिनिअरचं. चार्ल्स वेस्ट. जन्म वेस्ट व्हर्जिनियातल्या मॉर्गनटाउनचा, 1941 चा. पहिली पदवी गावच्याच विद्यापीठाची, पुढचं सगळं शिक्षण आणि नोकरी मिशिगनला. एमआयटीची एकही पदवी नाही, तिथे कधी शिकवलेलंही नाही. म्हणजे पूर्णपणे बाहेरचा माणूस, आणि तोही पहिल्या पसंतीचा नव्हे. ऑक्टोबर 1990 मध्ये ते पंधरावे अध्यक्ष म्हणून रुजू झाले आणि डिसेंबर 2004 पर्यंत राहिले.

मला हे नाव माहीत झालं ते मात्र अध्यक्ष म्हणून नाही. मी इंजिनिअरिंग कॉलेजात हीट ट्रान्स्फर शिकवतो. उभ्या फटीतल्या हवेचं काय होतं यावर 1969 चा एक जुना शोधनिबंध आहे, वेस्ट आणि अर्पाची यांचा. दोन उभ्या भिंती, एक गरम, एक गार, मधे अरुंद फट. गरम भिंतीलगत हवा वर चढते, गार भिंतीलगत खाली उतरते, आणि बराच वेळ सगळं शिस्तीत चालतं. तापमानातला फरक वाढवत गेलं की एका टप्प्यावर शिस्त मोडते आणि हवेत एकावर एक भोवरे रचले जातात. तो टप्पा नेमका कुठला, एवढाच त्या निबंधाचा प्रश्न. दुहेरी काचेच्या खिडक्या बनवणाऱ्याला तो प्रश्न फार कामाचा आहे. आमच्या थर्ड इयरच्या पोरांना नाही, कारण तो पेपरात येत नाही.

पुढे वेस्ट वळले ते होलोग्राफीकडे, म्हणजे वस्तूची त्रिमितीय प्रतिमा प्रकाशाने टिपण्याच्या तंत्राकडे, आणि त्याला कारण जागेचं होतं. लेसर वापरून त्रिमितीय होलोग्राम करून दाखवणारे लीथ आणि उपात्निएक्स मिशिगनचेच. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते काम तिथे झालं, आणि त्याच आवारात शिकणाऱ्या माणसाने ते यंत्रशास्त्रात आणलं. कल्पना अशी: एखादा धातूचा पत्रा घ्यायचा, त्याचा होलोग्राम फोटोच्या प्लेटवर घ्यायचा, मग पत्र्यावर थोडा भार द्यायचा आणि त्याच प्लेटवर पुन्हा एकदा घ्यायचा. आता प्लेटमधून पाहिलं की पत्र्यावर काळे-पांढरे पट्टे दिसतात, नकाशातल्या समोच्च रेषांसारखे. पत्रा आपल्या दिशेने सरकला असेल तर एका पट्ट्यापासून पुढच्या पट्ट्यापर्यंतचा फरक प्रकाशाच्या अर्ध्या तरंगलांबीचा. लाल हीलियम-निऑन लेसर असेल तर साधारण 0.32 मायक्रॉन. हाताला, डोळ्याला, साध्या डायल गेजला जे कळणार नाही ते इथे नुसत्या नजरेने मोजता येतं. गरम हवेचंही तसंच, कारण तापमान बदललं की हवेचा अपवर्तनांक बदलतो आणि पट्टे उमटतात. या विषयावरचं वेस्ट यांचं पुस्तक 1979 मध्ये आलं.

1986 मध्ये ते मिशिगनच्या इंजिनिअरिंग विभागाचे डीन झाले, 1989 मध्ये प्रोव्होस्ट (म्हणजे विद्यापीठाच्या शैक्षणिक कारभाराचे प्रमुख), आणि पुढच्याच वर्षी केंब्रिजला. पट्टे मोजणं तिथे संपलं. खुर्ची मिळालेला प्रत्येक प्राध्यापक पहिल्या वर्षी सांगतो की संशोधन चालूच ठेवणार, आठवड्यातले दोन दिवस लॅबला राखून ठेवलेत वगैरे. मी असे बरेच पाहिलेत. लॅबच्या चाव्या दुसऱ्या वर्षी असिस्टंटकडे असतात आणि निबंधांवर नाव मात्र पहिलं असतं. शार्प यांनी ओळखलं होतं की दोन्ही होणार नाही, म्हणून त्यांनी खुर्ची नाकारली. वेस्ट यांनीही तेच ओळखलं आणि लॅब सोडली. मला दोघेही पटतात.

मग अशा माणसाने संशोधनाचं नेतृत्व करायचं म्हणजे करायचं काय? निबंध दुसरे लिहिणार, यंत्रं दुसरे बांधणार, नोबेल दुसऱ्यांना मिळणार. अध्यक्षाच्या हातात शेवटी पैसा असतो आणि स्वतःची सही असते. पैशाबद्दल लोक पुष्कळ लिहितात. मला वेस्ट यांच्या बाबतीत जास्त कुतूहल सहीचं आहे. ते कशाखाली सही करायला तयार झाले आणि कशाखाली झाले नाहीत, याचं.

पैशाचं थोडक्यात सांगतो. एमआयटी दुसऱ्या महायुद्धापासून सरकारी संशोधनाच्या पैशावर वाढली होती. युद्धकाळात रडारचं काम जिथे झालं ती, घाईघाईने उभारलेली लाकडी बिल्डिंग 20 तर 1998 पर्यंत उभी होती. वेस्ट आले तेव्हा शीतयुद्ध संपत होतं आणि वॉशिंग्टनमध्ये विचारलं जाऊ लागलं होतं की आता कशाला एवढा खर्च. 1991 मध्ये एमआयटीने वॉशिंग्टनला स्वतःचं कार्यालय उघडलं आणि अध्यक्षांच्या तिथल्या वाऱ्या सुरू झाल्या. खासदारांना, त्यांच्या सहायकांना भेटायचं, मूलभूत संशोधन म्हणजे काय ते समजावून सांगायचं. यात चमकदार काही नाही. बिल्डिंग 20 पाडून तिथे फ्रँक गेरी यांची वेडीवाकडी स्टाटा सेंटर उभी राहिली, 2004 मध्ये खुली झाली, आणि तीन वर्षांनी गळतीपायी एमआयटीने गेरींवर दावा ठोकला. नामवंत आर्किटेक्टची इमारतसुद्धा गळते हे वाचून आमच्या कॉलेजच्या वर्कशॉपबद्दल मला जरा बरं वाटलं होतं.

सहीचा पहिला प्रसंग 1991 चा. आयव्ही लीग या जुन्या, नामांकित गटातली आठ विद्यापीठं आणि एमआयटी दरवर्षी एकत्र बसून, एकाहून जास्त ठिकाणी निवड झालेल्या विद्यार्थ्यांच्या याद्या ताडून पाहत. कुठल्या मुलाला किती आर्थिक मदत द्यायची ते ठरवत, म्हणजे मदत गरज पाहूनच दिली जाईल आणि हुशार मुलांसाठी बोली लागणार नाही. अमेरिकेच्या न्याय खात्याने याला संगनमताने किंमत ठरवणं म्हटलं आणि खटला भरला, दुकानदारांवर भरतात तसा. आठही आयव्ही विद्यापीठांनी तडजोडीवर सही केली. यापुढे नाही भेटणार म्हणाले, विषय मिटला. एमआयटीने सही केली नाही. एकटी कोर्टात उभी राहिली. 1992 मध्ये हरली, 1993 मध्ये अपील कोर्टाने तो निकाल रद्द करून प्रकरण परत पाठवलं, आणि वर्षअखेर सरकारने तडजोड केली. नवा अध्यक्ष, वर्षही न भरलेली कारकीर्द, सरकारशी पैशाचे संबंध, आणि त्याच सरकारविरुद्ध कोर्टात. याला हट्ट म्हणता येईल. पण गरीब मुलाला मदत कशाच्या आधारावर द्यायची, हा प्रश्न वकिलाच्या सल्ल्याने सोडून द्यायचा नसतो, असं त्यांना वाटलं असावं. माझंही मत त्यांच्याच बाजूने.

दुसरा प्रसंग मी वर्गात दर वर्षी सांगतो, विषयाशी संबंध नसला तरी. नॅन्सी हॉपकिन्स या एमआयटीत जीवशास्त्राच्या प्राध्यापक. झेब्राफिश या माशावर काम करायला त्यांना जरा जास्त जागा हवी होती आणि मिळत नव्हती. पुरुष सहकाऱ्यांकडे जागा जास्त आहे असं त्या म्हणत, प्रशासन म्हणे तसं नाही. तेव्हा त्यांनी मोजपट्टी घेतली आणि इमारतीतल्या प्रयोगशाळा एकेक करून मोजल्या. कोणाची किती लांब, किती रुंद. आकडे कागदावर उतरले. मग इतर विभागांतल्या प्राध्यापिकांशी बोलणं झालं आणि कळलं की ज्याला प्रत्येकजण आपलं वैयक्तिक दुखणं समजत होती ते सगळ्यांचं एकच होतं. 1994 मध्ये एमआयटीच्या विज्ञान शाखेत कायम नेमणुकीचे 194 पुरुष प्राध्यापक होते आणि 15 स्त्रिया. डीन रॉबर्ट बर्जेनो यांनी समिती नेमली. जागा, पगार, पुरस्कार, समित्यांवरच्या नेमणुका, सगळं तपासलं गेलं.

इथवरचं आपल्याकडेही घडू शकतं. समिती आपल्याकडे चटकन नेमली जाते. पुढे अहवाल येतो, गोपनीय शिक्का बसतो, कपाटाची किल्ली रजिस्ट्रारकडे जाते. एमआयटीत 1999 मध्ये अहवालाचा गोषवारा प्राध्यापकांच्या वार्तापत्रात छापून आला आणि त्यासोबत अध्यक्षांचं स्वतःच्या नावाचं छोटं टिपण होतं. वेस्ट यांनी लिहिलं त्याचा आशय असा: विद्यापीठांमधला स्त्री-पुरुष भेदभाव काही खरा आणि काही समजुतीचा, असं मी आजवर मानत आलो, ते बरोबरच आहे, पण आता मला कळलंय की त्यातला खऱ्याचा वाटाच कितीतरी मोठा आहे.

बस्स. ‘बाब गांभीर्याने घेण्यात येत आहे’ नाही, ‘काही त्रुटी आढळल्या असल्यास’ नाही. संस्थेच्या वकिलाने हे वाचून कपाळाला हात लावला असणार, कारण एवढ्या एका वाक्यावर कोणीही दावा लावू शकतं. बॉस्टन ग्लोब आणि न्यूयॉर्क टाइम्सने ते पहिल्या पानावर घेतलं. मला वाटतं इथे त्यांच्यातला इंजिनिअर आडवा आला. समोर मोजमाप ठेवलं असताना ‘माझा अनुभव वेगळा आहे’ असं म्हणणं मोजण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला जमत नाही. निदान जमू नये. तसे मोजमाप समोर असताना डोळे मिटणारे इंजिनिअरही मी पाहिलेत, त्यामुळे श्रेय पदवीला देत नाही.

2001 च्या जानेवारीत वेस्ट यांनी हार्वर्ड, स्टॅनफर्ड, प्रिन्स्टन, येल, बर्कली, कॅलटेक अशा विद्यापीठांच्या प्रमुखांना एमआयटीत बोलावलं आणि विज्ञान-इंजिनिअरिंगमधल्या स्त्री प्राध्यापकांच्या अडचणी आहेत, हे नऊ विद्यापीठांकडून संयुक्तपणे लिहून घेतलं. 2004 मध्ये त्यांच्या जागी सुझन हॉकफील्ड आल्या, एमआयटीच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष. आणि त्यानंतर पुढच्याच महिन्यात, दोन मैलांवरच्या हार्वर्डचे अध्यक्ष लॉरेन्स समर्स यांनी एका परिषदेत वरच्या पदांवर स्त्रिया कमी असण्यामागे उपजत क्षमतेतला फरकही असू शकेल असं सुचवलं. ते ऐकून सभागृहातून उठून गेल्या त्या हॉपकिन्सच.

सगळंच असं उजळ नाही. 1997 मध्ये पहिल्या वर्षाला नुकताच आलेला 18 वर्षांचा एक मुलगा फ्रॅटर्निटीच्या (विद्यार्थ्यांच्या खासगी मंडळाच्या) घरात अतिमद्यपानाने गेला. नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यांत अशा घरांमध्ये राहायला जाऊ देण्याची एमआयटीची जुनी पद्धत होती आणि तिच्यातला धोका आधी कोणाला दिसलाच नव्हता असं म्हणता येत नाही. 2000 मध्ये संस्थेने कुटुंबाशी 60 लाख डॉलरची तडजोड केली, वेस्ट यांनी आईवडिलांची समक्ष माफी मागितली, आणि 2002 पासून पहिल्या वर्षाच्या सगळ्या मुलांना कॅम्पसवरच राहणं सक्तीचं झालं. माफी खरी होती, पण मुलगा गेल्यावर तीन वर्षांनी आली. वेस्ट यांच्या कौतुकाच्या लेखांमध्ये हा भाग एका ओळीत उरकलेला असतो.

11 सप्टेंबर 2001 नंतर परदेशी विद्यार्थ्यांकडे संशयाने बघणं सुरू झालं. संवेदनशील संशोधनातून त्यांना वगळा, अशा अटी करारांत येऊ लागल्या. एमआयटीने शीला विडनॉल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. विडनॉल एरोस्पेसच्या प्राध्यापक आणि अमेरिकेच्या हवाई दलाच्या माजी सचिव, तेव्हा त्यांना देशाच्या सुरक्षेचं कळत नाही असं कोणी म्हणू शकत नव्हतं. समितीने सांगितलं, गोपनीय काम कॅम्पसबाहेरच्या लिंकन लॅबोरेटरीत होऊ द्या, कॅम्पसवर नको. वर्गात आणि लॅबमध्ये कोणाचा पासपोर्ट कुठला हे बघायचं नाही. वेस्ट यांनी हीच भूमिका वॉशिंग्टनमध्येही मांडली. त्या वर्षी अमेरिकेत शिकणारी कितीतरी मराठी पोरं सुट्टीत घरी यायला घाबरत होती, व्हिसाचा शिक्का परत मिळेल की नाही या काळजीने.

आता ज्यामुळे वेस्ट यांचं नाव आमच्यासारख्यांच्या घरापर्यंत आलं ते ओपनकोर्सवेअर. 1999-2000 हा डॉट-कॉमचा काळ. प्रत्येक विद्यापीठाला वाटत होतं की आपले वर्ग इंटरनेटवर विकले की सोन्याची खाण हाती लागेल. कोलंबिया विद्यापीठाने फॅदम नावाची कंपनी काढली, ती 2003 मध्ये गुंडाळली. एमआयटीतही प्रोव्होस्ट रॉबर्ट ब्राउन यांनी या धंद्याचा अभ्यास करायला समिती बसवली. त्यात सल्लागार होते, आकडेमोड होती. निष्कर्ष निघाला की यात पैसा नाही. मग हायड्रोडायनॅमिक्सचे प्राध्यापक डिक यू यांनी पिल्लू सोडलं: विकता येत नसेल तर देऊन टाकू. सगळे कोर्स, सगळ्यांना, फुकट.

वेस्ट यांनी ते उचललं. 4 एप्रिल 2001 रोजी घोषणा झाली. 30 सप्टेंबर 2002 रोजी पहिले 50 कोर्स वेबवर आले, नोव्हेंबर 2007 पर्यंत 1800. प्राध्यापकांवर सक्ती नव्हती, तरी बहुतेकांनी दिलं.

आमच्याकडे ते आलं हार्ड डिस्कवरून. कॉलेजचं नेट तेव्हा एवढं रडतखडत चालायचं की एका सहकाऱ्याने रात्री बसून कोर्सच्या झिप फाइल उतरवल्या आणि सगळ्या डिपार्टमेंटला वाटल्या. लोकांना वाटतं त्यात व्हिडिओ होते. काही होते, गिल्बर्ट स्ट्रँग यांचं लिनियर अल्जिब्रा होतं, खडू आणि फळा, बाकी काही नाही, आणि ते अजून पोरं बघतात. पण बहुतेक कोर्स म्हणजे साधे पीडीएफ: सिलॅबस, हाताने लिहिलेल्या नोट्स स्कॅन केलेल्या, खाडाखोड तशीच, आणि प्रॉब्लेम सेट. माझे डोळे विस्फारले ते प्रॉब्लेम सेट बघून. एका गणितात दिलेली माहिती अपुरी होती आणि शेवटी लिहिलं होतं की जे लागेल ते तुम्ही गृहीत धरा आणि का धरलं ते सांगा. आमच्याकडे सगळा अभ्यास लोकल ऑथरच्या पुस्तकातून, मागच्या पेपरांच्या सोडवलेल्या उत्तरांसकट, आणि उरलेला झेरॉक्सच्या दुकानातून. मी तो प्रॉब्लेम ट्यूटोरियलला दिला. वर्ग शांत. मग मागच्या बाकावरून आवाज आला, ‘सर, डेटा द्यायचा राहिलाय.’

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. पुण्याला या संस्थेचं आकर्षण फार जुनं. 1882 मध्ये पुण्याचे केशव मल्हार भट एमआयटीत शिकायला गेले, आणि 1884 मध्ये केसरीचं इंग्रजी भावंड असलेल्या मराठा या पत्राने एमआयटीवर लेख लिहून अशी संस्था इथे हवी म्हटलं. एमआयटीचे वर्ग सुरू होऊन तेव्हा जेमतेम वीस वर्षं झाली होती. त्यानंतर जवळजवळ एकशेवीस वर्षांनी त्या संस्थेच्या नोट्स पुण्या-सांगलीच्या कुठल्याही पोराला फुकट मिळू लागल्या. संस्था मिळाली नाही, नोट्स मिळाल्या. पदवी नाही, शंका विचारायला माणूस नाही, लॅब नाही. ओपनकोर्सवेअरवरचा हा आक्षेप रास्तच आहे, आणि एमआयटीनेही कधी त्याला शिक्षण म्हटलं नाही, शिक्षणाचं साहित्य म्हटलं. आपल्या आयआयटींनी आणि आयआयएस्सीने 2003 पासून एनपीटेल उभं केलं, त्यात पूर्ण व्याख्यानं आहेत आणि आज आमची पोरं तेच जास्त बघतात. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल तर मराठीतही आहेत.

पुढे 2012 मध्ये एमआयटी आणि हार्वर्डने एडएक्स हे ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ काढलं, गाजावाजा केला, आणि 2021 मध्ये ते टूयू नावाच्या कंपनीला 80 कोटी डॉलरना विकलं. त्या कंपनीने 2024 मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. ओपनकोर्सवेअर विकता आलं नाही, कारण ते आधीच वाटून टाकलेलं होतं. वेस्ट यांना हे बघायला मिळालं नाही. एमआयटीनंतर ते अमेरिकेच्या राष्ट्रीय इंजिनिअरिंग अकादमीचे अध्यक्ष झाले, 2008 मध्ये त्या अकादमीने या शतकासाठीची 14 मोठी आव्हानं जाहीर केली, ती आमच्या सेमिनारच्या पीपीटीत पहिल्या स्लाइडवर हमखास असतात. 12 डिसेंबर 2013 रोजी कर्करोगाने त्यांचं निधन झालं.

मध्यंतरी मी आमच्या संस्थेत प्रस्ताव दिला की प्रत्येक शिक्षकाने आपल्या नोट्स आणि प्रॉब्लेम सेट कॉलेजच्या साइटवर खुले ठेवावेत. प्रस्ताव फाइलला लागला. ‘आपल्या नोट्स दुसऱ्या कॉलेजने वापरल्या तर?’ असं मीटिंगमध्ये विचारलं गेलं, आणि विचारणाऱ्याच्या स्वतःच्या नोट्स कुठून आल्यात हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

चहाच्या वेळी आमच्या डिपार्टमेंटच्या एका तरुण मॅडम म्हणाल्या, ‘सर, वेस्टसाहेबांचं सोपं होतं. त्यांच्या मागे मोठमोठी फाउंडेशन्स होती.’ मी म्हटलं, तसं नाही. घोषणा एप्रिलमध्ये झाली. मेलन आणि ह्यूलेट फाउंडेशनने 1 कोटी 10 लाख डॉलर दिल्याचं जाहीर झालं ते त्यानंतर, जूनमध्ये.

‘म्हणजे आधी घोषणा, मग पैसे,’ मॅडम म्हणाल्या. ‘हे तर आपल्याकडे रोज चालतं, सर. फक्त दुसरा भाग राहतो.’